सर्फ गिटार शिकताना आधी पिकचा हात, मग रिव्हर्ब

१९६० च्या दशकाच्या सुरुवातीला दक्षिण कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर बहरलेले केवळ वाद्यांचे सर्फ संगीत शिकायचे ठरले, की बहुतेक जण आधी रिव्हर्बचे, म्हणजे आवाजाला घुमारा देणारे, पेडल विकत आणतात. हा खर्च काही महिने पुढे ढकलावा, असे माझे ठाम मत आहे. गिटारवादक डिक डेल याच्या १९६१ च्या ‘लेट्स गो ट्रिपिन’ या रेकॉर्डमध्ये तो ओला, पाणीदार रिव्हर्ब नाही, तरीही सर्फ संगीताच्या आरंभीच्या रेकॉर्डमध्ये तिला मान आहे, कारण या संगीताचा जीव पिक (तार छेडायची चपटी चकती) धरणाऱ्या हातात आहे. (डेल डावखुरा होता, म्हणून ‘उजवा हात’ म्हणणे योग्य होणार नाही.)

गिटारला ११ किंवा १२ गेजच्या (जाडीच्या मापाच्या) जाड तारा लावाव्यात. बारीक तारा जोरदार आघाताखाली बेसूर होतात. ब्रिजजवळचा (गिटारच्या अंगावर तारा जिथे टेकतात त्या पट्टीजवळचा) पिकअप, म्हणजे तारांचा कंप टिपणारा भाग, निवडून तळहाताची कड ब्रिजवर हलकेच टेकवावी आणि पिकचे केवळ टोक तारेत जाऊ द्यावे. मेट्रोनोम मिनिटाला ८० ठोक्यांवर ठेवून सर्वांत जाड ई तारेवर दर ठोक्याला चार आघात, एक खाली, एक वर, असे सलग दोन मिनिटे वाजवावेत. हालचाल मनगटातून व्हावी. कोपर आखडू लागले, की लय वाढवण्याऐवजी कमी करावी.

यानंतर ‘मिसिर्लू’ घ्यावे. पूर्व भूमध्य प्रदेशातली ही जुनी धून डेलने १९६२ मध्ये इलेक्ट्रिक गिटारवर आणली. त्याच्या वडिलांचे घराणे लेबनीज होते आणि या सुरावटी त्याच्या कानावर लहानपणापासून होत्या. ई हा षड्ज मानला, तर तिच्या मुख्य सुरावटीत कोमल रिषभ, शुद्ध गंधार, शुद्ध मध्यम, पंचम, कोमल धैवत आणि शुद्ध निषाद, म्हणजे भैरवाचेच स्वर मिळतात. रागाचे चलन तिच्यात अर्थातच नाही, पण ज्याचा कान भैरवाला सरावला आहे, त्याने ती आधी सरगमने गाऊन पाहावी. बोटे जागा चटकन शोधतात.

आता रिव्हर्ब. फेंडर कंपनीने १९६१ मध्ये काढलेली स्वतंत्र पेटी गिटार आणि ॲम्प यांच्या मध्ये जोडत. तिच्यात गिटारचा सिग्नल स्प्रिंगचे एक टोक हलवतो आणि तो कंप दोन टोकांमध्ये परतत राहतो. ड्वेल, मिक्सर आणि टोन या तीन नॉबपैकी ड्वेल ठरवतो, की स्प्रिंगला किती जोराने हलवायचे. तळहाताच्या कडेने तार दाबून तुटक स्वर वाजवला आणि पाण्याचा थेंब पडल्यासारखा ‘टिप्’ असा आवाज आला, की जुळणी बरोबर झाली असे समजावे.

शैली मात्र अनेक आहेत. अमेरिकेतल्या टकोमा शहरातल्या व्हेंचर्स या बँडचे १९६० चे ‘वॉक, डोन्ट रन’ कोरडे आणि नीटस आहे. त्यातली ए मायनर, जी, एफ, ई ही उतरती कॉर्डमाला प्रथम पाठ करावी, कारण पुढे ती अनेक सर्फ रचनांत भेटते. रिव्हर्ब किती असावा यावरच बेल-एअर्समध्ये मतभेद झाले आणि १९६३ मध्ये त्या बँडची फाटाफूट झाली. जपानमध्ये व्हेंचर्सच्या दौऱ्यांनंतर ‘एलेकी’ची, म्हणजे इलेक्ट्रिक गिटारच्या संगीताची, लाट उसळली.

शॅन्टेज या बँडच्या ‘पाइपलाइन’ने मी अभ्यासाचा शेवट करतो: जाड तारेवर दुसऱ्या हाताचे बोट वरच्या पडद्यांवरून खाली घसरवावे, पिकचा हात न थांबता चालू ठेवावा आणि तळहाताचा दाब इतकाच असावा, की स्वर बुजणार नाही.