जुन्या कास्ट आयर्न बुलेटचा ऑईल फिल्टर घरच्या घरी बदलताना

हे लिहितोय ते फक्त जुन्या कास्ट आयर्न ३५० वाल्यांसाठी, म्हणजे ज्यांच्या डाव्या हँडलला डिकंप्रेसरची (किक हलकी जावी म्हणून सिलिंडरमधला दाब सोडणारी) छोटी लिव्हर आहे आणि इंजिनऑईल, गिअरऑईल, क्लचकेसचं ऑईल तिन्ही वेगवेगळं भरावं लागतं त्यांच्यासाठी. नंतरच्या यूसीई (इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्र असलेल्या) इंजिनवाल्या क्लासिक वगैरे गाड्यांचा फिल्टर वेगळा, झाकण वेगळं, त्यामुळे ही पद्धत तिकडे जशीच्या तशी चालणार नाही.

बरेच जण ऑईल बदलतात आणि फिल्टर तसाच ठेवतात, मेकॅनिकही कधीकधी म्हणतो राहू दे, अजून चांगला आहे. माझं मत स्पष्ट आहे, प्रत्येक ऑईलला फिल्टर नवीन. फेल्टचा (दाबून केलेल्या जाड कापडाचा) तो तुकडा ऑईलपेक्षा कितीतरी स्वस्त असतो आणि या इंजिनात बिगएंडला, म्हणजे कनेक्टिंग रॉड क्रँकला जोडला जातो तिथल्या बेअरिंगला, जाणारं ऑईल त्याच फिल्टरमधून गाळून जातं. बिगएंड गेलं की क्रँक खोलावा लागतो, तो खर्च आणि चांगला क्रँकवाला शोधायची वणवण ज्यांनी केलीय त्यांना वेगळं सांगायला नको.

सामान काय लागेल ते आधी गोळा करा. फिल्टर, झाकणाचं पॅकिंग, सोबतचे वायसर (फिल्टरबरोबर येत नसतील तर वेगळे मागून घ्या), २०डब्ल्यू५० ग्रेडचं ऑईल दोन लिटरच्या आसपास, ड्रेन प्लगचे नवीन वायसर, नटांना नीट बसणारे रिंग पाने, एक पसरट तसराळं, रॉकेल आणि भरपूर जुनी सुती फडकी. ॲडजस्टेबल पाना अजिबात नको, जुन्या नटांच्या कडा आधीच झिजलेल्या असतात आणि त्या पान्याने उरलेल्याही जातात. पुण्यात असाल तर नाना पेठेत सगळं एका फेरीत मिळतं, फक्त दुकानात "बुलेटचा फिल्टर द्या" एवढंच म्हणू नका, कास्ट आयर्नचा म्हणून सांगा आणि आधी कधी काढलेला जुना फिल्टर घरात असेल तर बरोबर न्या. लांबी आणि मधलं भोक जुळवून बघा, फेल्ट दाबून बघा, शिवण उसवलेली किंवा आतली जाळी चेपलेली असेल तर तिथेच परत करा.

गाडी आधी पाच-दहा मिनिटं चालवून आणा. ऑईल गरम झालं की पातळ होतं आणि तळाचा गाळ त्याच्याबरोबर बाहेर येतो. मग सपाट जागेवर मेन स्टँडला लावा, सायलेन्सर तापलेला असतो तो जरा निवू द्या आणि खालचे ड्रेन प्लग काढा. प्लग दोन आहेत, एक ऑईल टँकचा आणि एक क्रँककेसचा, एकच काढून सोडलं तर जुनं ऑईल आतच राहतं आणि नवीन भरलेलं लगेच काळं होतं. निवांत निथळू द्या, घाई करू नका, तोपर्यंत फिल्टरकडे वळा.

फिल्टर उजव्या बाजूला, टायमिंग कव्हरमध्ये पुढे खालच्या अंगाला असतो, त्याच्यावर गोल झाकण आणि मधे एक नट. नट सोडायच्या आधी आजूबाजूची माती ब्रशने आणि रॉकेलच्या फडक्याने पूर्ण साफ करा, नाहीतर तीच माती झाकण निघाल्यावर आत जाते. खाली तसराळं धरा कारण झाकण सुटलं की आतलं ऑईल एकदम येतं. झाकण अडकलं असेल तर स्क्रू-ड्रायव्हर घालून उचकटू नका, कव्हर ॲल्युमिनियमचं आहे, तिथे ओरखडा पडला की मग कितीही पॅकिंग लावा, पाझरतच राहणार. लाकडाच्या तुकड्याने बाजूने हलकं ठोका, सुटतं.

आता आतून स्प्रिंग, वायसर, फिल्टर जे जसं निघेल तसं त्याच क्रमाने कागदावर मांडत जा आणि मोबाईलवर फोटो काढा. फिल्टर म्हणजे दोन्ही टोकांना उघडी नळी आहे, तिची टोकं घट्ट बंद राहावीत म्हणून ते वायसर आणि स्प्रिंग असतात. एखादा वायसर राहून गेला किंवा क्रम उलटा झाला तर गाडी नेहमीसारखीच चालते, आवाज नाही काही नाही, पण ऑईल फेल्टमधून न जाता बाजूने निसटतं आणि कचऱ्यासकट क्रँककडे जातं, म्हणजे फिल्टर असून नसल्यासारखा. जुना वायसर कधीकधी आतच चिकटून बसतो, तेव्हा टॉर्च मारून बोट फिरवून बघाच, नाहीतर एकावर एक दोन वायसर बसतील.

जुना फिल्टर लगेच फेकू नका. ब्लेडने उभा कापून पांढऱ्या फडक्यावर पिळा आणि उन्हात धरून बघा. काळा चिखल चालतो, तो असणारच. लोहचुंबक फिरवून बघा, थोडा बारीक काळा भुगा चिकटला तर घाबरायचं कारण नाही, पण बोटाला टोचतील असे कण असतील तर इंजिन उघडून घ्यायची वेळ आलीय. पितळी चमक दिसली तर कुठलं तरी बुश झिजतंय, चंदेरी चपटे तुकडे दिसले तर बिगएंडचा आवाज कुणा जाणत्याकडून ऐकून घ्या. आतल्या दुखण्याचा इतका लवकर आणि इतका स्वस्त अंदाज दुसरीकडून मिळत नाही.

फिल्टरचा कप्पा फडक्याने पुसून घ्या (कापूस किंवा कॉटन वेस्ट नको, धागे आत राहतात), नवीन फिल्टर चांगल्या ऑईलमध्ये भिजवून घ्या आणि मांडलेल्या क्रमाने बसवा. नवीन पॅकिंग लावून झाकण ठेवा आणि नट हाताने फिरवा, पण अजून पूर्ण आवळायचा नाही. ड्रेन प्लग मात्र दोन्ही नवीन वायसर घालून आवळून घ्या. मग दीड ते पावणेदोन लिटर ऑईल भरा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, लगेच स्टार्ट करू नका!! फिल्टरचा कप्पा आत्ता रिकामा आहे, पंप तो भरेपर्यंत बिगएंडला ऑईल पोचतच नाही आणि तेवढा वेळ इंजिन कोरडं फिरतं. चावी बंद, स्पार्क प्लग काढलेला, डिकंप्रेसर दाबलेला, अशा स्थितीत किक मारत राहा. पाय दुखेल पण मारा. थोड्या वेळाने सैल ठेवलेल्या झाकणाच्या कडेने आधी बुडबुडे आणि मग सलग ऑईल पाझरायला लागेल, म्हणजे हवा निघाली आणि कप्पा भरला. आता नट आवळा, पण आखूड पान्याने आणि मनगटाच्या जोरावर, कारण लांब पाना लावून आवळलं तर आटे जातात आणि फिल्टर बदलायचं काम कव्हर बदलण्यावर जातं. नट आवळून झाल्यावर अजून थोड्या किका मारून घ्या. खूप किका मारूनही ऑईल येतच नसेल तर गाडी स्टार्ट करू नका, आधी पंप बघून घ्या.

स्पार्क प्लग लावून स्टार्ट करा आणि हळू आयडलवर ठेवा, रेस द्यायची नाही. रॉकरला (वरच्या व्हॉल्व्ह हलवणाऱ्या भागाला) वर जाणाऱ्या पाईपचा बँजो बोल्ट, म्हणजे ज्याच्यातून ऑईल जातं तो पोकळ बोल्ट, किंचित सैल करून बघा, तिथे ऑईल दिसलं म्हणजे रिटर्नचा (क्रँककेसमधलं ऑईल परत खेचणारा) पंपही काम करतोय. परत आवळा, पुसून घ्या, झाकणापाशी आणि ड्रेन प्लगपाशी कोरडं फडकं लावून गळती बघा.

लेव्हल बघायची ती गाडी थोडी फिरवून आणल्यावर. या इंजिनात गाडी उभी राहिली की टँकमधलं ऑईल पंपातून हळूहळू क्रँककेसमध्ये उतरतं, त्यामुळे सकाळी थंड गाडीची डिपस्टिक कमी दाखवते, लोक वरून ऑईल ओततात आणि मग जास्तीचं ऑईल ब्रीदरमधून (इंजिनातली हवा सोडणाऱ्या नळीतून) बाहेर येतं, धूर होतो आणि दोष रिंग-पिस्टनला देतात. गरम इंजिन बंद करून दोन मिनिटांनी बघा आणि लागेल तेवढंच थोडं थोडं टाका. दुसऱ्या दिवशी एक चक्कर मारून झाकणाचा नट आणि दोन्ही ड्रेन प्लग परत तपासा, नवीन पॅकिंग बसल्यावर नट किंचित सैल झालेला असू शकतो.

काढलेलं ऑईल गटारात किंवा झाडाच्या बुडाशी ओतू नका, कॅनमध्ये भरून गॅरेजवाल्याला द्या, त्याच्याकडे जुनं ऑईल घेणारे येतात.