कार्टूनला आवाज देताय? या चुका टाळा

ऑडिशनला आलेली बरीच मुलं माइकसमोर उभी राहिल्या राहिल्या विचारतात, "सर, शिनचॅन करून दाखवू?" पहिली चूक इथेच होते. शिनचॅनला आवाज आहेच की! समोरच्याला तुमचा आवाज हवा असतो, आणि तोही पन्नासाव्या एपिसोडला तसाच निघणारा.

गंमत म्हणून काढलेला चिरका आवाज चार तासांच्या शिफ्टमध्ये टिकत नाही. एकदा इंजिनिअरने सशाच्या आवाजातला माझा सकाळचा आणि दुपारचा टेक (म्हणजे रेकॉर्ड केलेला तुकडा) एकापाठोपाठ एक लावून दाखवला. ससा एकच, पण ऐकताना दोन सख्खे भाऊ वाटत होते. तेव्हापासून प्रत्येक पात्राच्या आवाजात स्वतःचंच एखादं वाक्य फोनवर रेकॉर्ड करून ठेवतो ("आई, डबा दे" वगैरे; स्क्रिप्टमधलं नाही, ते स्टुडिओबाहेर नेता येत नाही) आणि बूथमध्ये शिरण्याआधी ऐकतो.

लहान मुलाचा आवाज काढायचा म्हणून घसा आवळू नका. मूल वाक्याच्या मधेच श्वास घेतं, शब्द अर्धवट सोडतं. ते पकडलं की सूर फारसा चढवावा लागत नाही. नोबुयो ओयामा यांनी जपानी डोरेमॉनला १९७९ पासून २००५ पर्यंत आवाज दिला. गळा ताणून सव्वीस वर्षं निघत नाहीत.

आता आपल्या मराठी मंडळींची खास अडचण. मुंबईत कार्टूनचं पुष्कळ काम हिंदी डबिंगचं असतं, आणि आपण 'है'चा 'हइ' आणि 'और'चा 'अउर' करतो. 'फिर' म्हणताना ओठ मिटायच्या ऐवजी दात खालच्या ओठावर टेकवतो. स्वतःला हे ऐकू येत नाही, डायरेक्टरला पहिल्या ओळीत येतं. उपाय कंटाळवाणा आहे: रोज हिंदी पुस्तकाचं एक पान मोठ्याने वाचा, रेकॉर्ड करा, फक्त हे तीन आवाज तपासा. मराठी माणसाला हे जमत नाही असं मात्र मुळीच नाही. निन्जा हातोडीचा हिंदी आवाज आपल्या मेघना एरंडेंचाच.

डबिंगमध्ये चित्र आधीच तयार असतं. वाक्य पात्राच्या तोंडात मावत नसेल तर नवखा कलाकार भराभर बोलतो आणि अभिनय मरतो. त्यापेक्षा एखादा शब्द गाळू का, असं डायरेक्टरला विचारा. 'प', 'ब', 'म' पडद्यावरचे ओठ मिटतात तिथे बसले की बाकीचं निभावतं. नव्याने बनणाऱ्या मालिकेत उलटं असतं: बहुधा आवाज आधी रेकॉर्ड होतो, चित्र नंतर. तिथे धावणं, पडणं, घाबरणं सगळं डोक्यात पाहूनच करायचं.

किंचाळ्या, मारामारीचे हुंकार शिफ्टच्या शेवटी ठेवायला सांगा. सकाळीच ओरडलात तर उरलेला दिवस गेला.

'प', 'फ' म्हणताना तोंडातली हवा माइकवर आदळून आवाज फुटतोय? तोंड जरा तिरकं धरा. तोंडातून चट-चट आवाज येतोय? पाणी घोट-घोट प्या. बांगड्या, सळसळणारं जॅकेट बाहेर काढून ठेवा, आणि उपाशीपोटी जाऊ नका. माइकला पोटातली गुरगुरही ऐकू येते. आवाज बसला तर कुजबुजत बोलणं ही विश्रांती नाही, गप्प बसा. दोन-तीन आठवड्यांत सुटला नाही तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा.

ऑडिशनसाठी 'रजिस्ट्रेशन फी' मागणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. सही करण्याआधी दोन गोष्टी वाचा: पैसे एपिसोडमागे की शिफ्टमागे, आणि तुमच्या रेकॉर्डिंगवरून एआय आवाज बनवायची परवानगी कुठल्या कलमात दडवली आहे का.