रब्बी पेरायच्या आधी विहिरीचं पाणी कसं मोजायचं

पाऊस कसा झाला विचारलं की जो तो सांगतो, सरासरी गाठली. अरे पण पडला कसा? वीस-वीस दिवस दडी मारतो आणि मग दोन रात्रीत असा कोसळतो की बांध फुटतात, ते पाणी सरळ ओढ्यानं जातं, आपल्या काळ्या पाषाणात मुरायला त्याला वेळच कुठं मिळतो. म्हणून तो आकडा बघून गहू टाकू नका. मी एकदा टाकला होता, ओंबी भरायच्या वेळेला मोटर हवा ओढायला लागली.

पहिलं काम, दसऱ्यानंतर पाऊस थांबून आठ-दहा दिवस झाले की सकाळी मोटर लावायच्या आधी दोरीला दगड बांधून विहिरीत सोडायचा, काठापासून पाणी किती खाली आणि तळ किती खाली ते वहीत लिहायचं (मोबाईलमध्ये नको, मोबाईल बदलला की गेलं). व्यास ६ मीटर असेल तर एक मीटर उभ्या पाण्यात साधारण २८,००० लिटर बसतं.

मग मोटर. २०० लिटरचा ड्रम पाइपाखाली लावा न् घड्याळ बघा. २५ सेकंदात भरला तर तासाला २८,८०० लिटर उपसा, म्हणजे तासभर चालवली की पाणी मीटरभर उतरायला पाहिजे. अर्धाच मीटर उतरलं तर बाकीचं झऱ्यांनी भरलं समजा. खरी मिळकत ही झऱ्यांची, विहिरीतला साठा काय, दोन-चार तासांत संपतो. मोटर बंद केल्यावर पाणी परत जुन्या रेघेला यायला किती तास लागतात तेही लिहा.

आता पीक. एकरावर १ मिलिमीटर पाणी म्हणजे ४,००० लिटर. पाटानं एक पाळी, म्हणजे एकदा दिलेलं पाणी, ६ सेंटिमीटरची धरली तर २ लाख ४० हजार, म्हणजे आपल्या मोटरीचे सव्वाआठ तास, एका एकराला! गव्हाला अशा पाच-सहा पाळ्या, हरभरा दोन-तीनवर भागतो. वहीतले आकडे समोर ठेवून एकर ठरवा, उलटं नको.

एकट्यानं मोजून मात्र अर्धंच काम होतं, कारण खालचं पाणी बांध बघून थांबत नाही, शेजाऱ्यानं बोअर मारला की तुमचे झरे आटू शकतात. नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजार गावात ग्रामसभेत दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडतात, पिण्याचं आधी बाजूला काढतात, ऊस-केळीला बंदी, शेतीसाठी बोअरलाही बंदी. आपल्या गावात हे बोललं की लोक चहा प्यायला उठतात, तरी निदान एका ओढ्यावरच्या पाच-सहा विहिरीवाल्यांनी वह्या घेऊन एकत्र बसावं.

संक्रांतीला परत दोरी सोडा, तोवर झरे मंदावलेले असतात. राहिलेल्या पाळ्या बसत नसतील तर अर्ध्या रानाचं पाणी तोडा, सगळ्याला थोडं थोडं पाजत बसू नका.