90 अधिक 30 च्या डावात अर्धा गुण कसा वाचवायचा

बुद्धिबळ क्लबच्या खेळाडूंचे डाव ओपनिंगमध्ये, म्हणजे सुरुवातीच्या चालींत, फारसे जात नाहीत. घड्याळ सरत आलं की जातात. 90 मिनिटं आणि दर चालीला 30 सेकंद असतील, तर 40 चालींना 110 मिनिटं मिळतात. म्हणून पंधराव्या चालीला घड्याळात 70 च्या आसपास मिनिटं दिसायला हवीत. कमी असतील तर पुढे सर्वोत्तम चालीच्या मागे लागू नका, बरी चाल पुरते.

30 सेकंद वाढीव असताना चाली शेवटपर्यंत लिहाव्याच लागतात. नागपूरच्या उन्हाळ्यात कूलरच्या झोतानं स्कोअरशीट उडते, क्लिप जवळ ठेवा. बरोबरीच्या (म्हणजे अर्ध्या गुणाच्या) दाव्याला पुरावा तोच.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो तिसऱ्यांदा तीच स्थिती येताना, म्हणजे बरोबरीचा दावा करता येतो तेव्हा. खेळाडू चाल खेळतो, घड्याळ दाबतो आणि मग हात वर करतो. तोवर हक्क गेलेला असतो. चाल फक्त लिहा, मोहऱ्याला हात लावू नका, घड्याळ थांबवा, पंचांना बोलवा. (एरवी खेळण्याआधी चाल लिहायला मनाई आहे.) स्थिती सलग यायला हवी असं नाही, पण खेळायची पाळी त्याच खेळाडूची आणि कॅसलिंगचे (राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवण्याचे) हक्क तेच हवेत. मधे राजा हलून परत आला, तर कॅसलिंग शक्य असतानाची स्थिती मोजत नाहीत. दावा फसला तर समोरच्याला 2 मिनिटं मिळतात आणि लिहिलेली चाल खेळावीच लागते.

बरोबरी मागणं भित्रेपणा वाटत असेल, तर 2025 च्या महिला विश्वचषकाची अंतिम फेरी बघा: नागपूरच्याच दिव्या देशमुखनं कोनेरू हंपीविरुद्धचे दोन्ही क्लासिकल (लांब वेळेचे) डाव बरोबरीत सोडवले आणि रॅपिडमध्ये (कमी वेळेच्या डावांत) बाजी मारली. बरोबरीचा प्रस्ताव मात्र चाल खेळल्यावर, घड्याळ दाबण्याआधी द्यायचा.

कॅसलिंग एकाच हातानं, आधी राजा. हत्तीला आधी हात लागला तर त्या बाजूचं कॅसलिंग गेलं.

प्यादं आठव्या घरात पोचलं आणि त्याच्या जागी ठेवायला जादा वजीर हाताशी नसेल, तर घड्याळ थांबवून पंचांकडे मागा. घाईत वजीर म्हणून उलटा हत्ती ठेवाल तर तो हत्तीच धरतात. प्यादं तसंच ठेवून घड्याळ दाबलं तर चाल नियमबाह्य: पहिल्यांदा समोरच्याला 2 मिनिटं, दुसऱ्यांदा बहुतेक वेळा डावच जातो.