पाणथळ उद्यान आवडलं नाही? मत देण्याआधी या चुका टाळा

ठाणे खाडीकाठी, ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात गेल्या हिवाळ्यात एक आजोबा नातीला म्हणाले, "चल गं, नुसता चिखल आहे इथे." ती मात्र जागची हलेना. कठड्याखाली बोटभर लांबीचे तीन निवटे, म्हणजे चिखलात राहणारे मासे, पुढच्या परांवर रेटत चिखलातून सरकत होते. त्यातला एक शेपटीच्या झटक्यासरशी उडाला आणि खेकड्याच्या बिळापाशी पडला. एकच मोठा नांगा असलेला तो खेकडा लगेच आत पळाला.

आजोबांचा दोष नाही. आपण बागा बघत वाढलो, त्यामुळे पाणथळीलाही बागेचीच फूटपट्टी लावतो. निवळशंख पाणी, कापलेली हिरवळ, सुवास. या फूटपट्टीने ठाण्याची खाडी कायम नापास होणार. प्रत्यक्षात तिथे २०१५ साली रोहित पक्ष्यांचं (फ्लेमिंगोंचं) अभयारण्य जाहीर झालं आणि २०२२ साली तिला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला.

घड्याळ पाहून जाणं, भरती न पाहणं

सगळ्यात जास्त निराशा इथूनच येते. रविवारी मोकळे होतो म्हणून अकराला पोचलो, "एकही पक्षी नाही" म्हणून परतलो. रोहित साधारण नोव्हेंबर ते मे इथे असतात, पण दिवसभर एका जागी थांबत नाहीत. पूर्ण भरतीला चिखलपट्टे बुडतात, तेव्हा ते नेरुळकडच्या किंवा भांडुपच्या पाणथळींवर जाऊन बसतात. पूर्ण ओहोटीला ते दूरवर पांगतात आणि गुलाबी ठिपक्यांपलीकडे काही दिसत नाही. पाणी चढत किंवा उतरत असताना थवे काठाजवळ येतात. ती वेळ साधा.

किनाऱ्यावरचा जुना हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट करा. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास पूर्ण भरती आणि बाराच्या आसपास ओहोटी. चतुर्थीला भरती तीनला, ओहोटी नऊला. खाडीत आतपर्यंत पाणी पोचायला थोडा उशीर लागतो, तेवढा धरा. हा अंदाज झाला; बोटीने जायचं असेल तर भरतीचा तक्ता पाहूनच वेळ ठरवा.

वास आला की "घाण" म्हणणं

वास दोन प्रकारचे असतात. कांदळवनाच्या (खारफुटीच्या जंगलाच्या) चिखलात प्राणवायू फार कमी असतो. तिथले जिवाणू खाऱ्या पाण्यातल्या सल्फेटवर जगतात आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात. सडक्या अंड्यासारखा तो वास चिखलाचा स्वतःचा आहे. दुसरा वास गटाराचा: आंबूस, साबणी, नाल्याच्या तोंडाकडे जाल तसा वाढणारा, सोबत करडं पाणी आणि फेस. शंका आली तर खाली बघा. खेकड्यांची बिळं, निवटे आणि तिवरांची, म्हणजे खारफुटीच्या झाडांची, वर आलेली श्वसनमुळं दिसली, तर तो चिखल जिवंत आहे.

पक्ष्यांच्या संख्येवरूनही पाणी स्वच्छ असल्याचा निष्कर्ष काढू नका. सांडपाण्यातल्या नायट्रेट-फॉस्फेटवर शेवाळ फोफावतं आणि लहान रोहितांचं मुख्य अन्न तेच आहे. हजारो पक्षी आणि घाण पाणी एकाच खाडीत नांदू शकतात.

हिरवं ते चांगलं समजणं

गोड्या पाण्याच्या तलावांवर ही चूक हमखास होते. पवई असो की पाषाण, जांभळ्या फुलांची जलपर्णी पसरली की फोटो काढायला गर्दी होते. त्या गालिच्याखाली उजेड पोचत नाही, प्राणवायू घटतो आणि मासे गुदमरतात. उलट, काठची उघडी, ओली, उतरती माती आपल्याला "अर्धवट काम" वाटते. शेकाट्या आणि तुतवार तिथेच चरतात, कारण त्यांना वीतभर खोल पाणीही जास्त होतं. लोकांनी सुशोभीकरण मागितलं की तिथे सिमेंटचा उभा कठडा आणि झगमगते दिवे येतात, आणि हे पक्षी जातात. मला सर्वात जास्त टोचते ती ही गोष्ट.

कुरवांना (सीगल पक्ष्यांना) गाठी-शेव टाकून थवा जमवणं हेही तसंच. फोटो छान येतो, पण तळलेलं-खारवलेलं हे त्यांचं अन्न नव्हे.

सगळी नाराजी एकाच ताऱ्यात भरणं

स्वच्छतागृह बंद, पिण्याचं पाणी नाही, सावली नाही, चाकाच्या खुर्चीला वाट नाही, फलक वाचता येत नाहीत. या तक्रारी रास्त आहेत, जरूर करा. पण त्या सोयींच्या आहेत, खाडीच्या नव्हेत. "बेकार जागा, एक तारा" एवढंच ऑनलाइन अभिप्रायात लिहिलंत तर नळ दुरुस्त करायचा की चिखलावर फरश्या घालायच्या, हे वाचणाऱ्याला कळत नाही. दोन्ही वेगळं लिहा.

राडारोड्याचा ढीग, तोडलेली तिवरं किंवा नाल्याचा फेस दिसला तर तारीख, वेळ, तेव्हाची भरती-ओहोटी, जवळची खूण आणि फोटो एवढं टिपून ठेवा. तिवरांची तक्रार वनविभागाच्या कांदळवन कक्षाकडे आणि नाल्याची महापालिकेकडे द्या.