वस्तू आधी पालथी करून बघा

‘छोट्या कारागिरांकडून घेतलेली’ म्हणून मी हौसेनं घरी आणलेली पहिली वस्तू एक टेबललॅम्प होती. वर वेताची विणलेली टोपी, खाली कातीव लाकडाचा खांब. दुकानाच्या पानावर लिहिलं होतं की दोन मैत्रिणी त्यांच्या छोट्याशा स्टुडिओत हे दिवे हातानं बनवतात. फोटोत खिडकीतून तिरपं ऊन आलेलं, बाजूला पांढरा पडदा. मी भाळले.

दिवा आला तेव्हा वेत म्हणजे प्लास्टिकची पट्टी निघाली आणि खांबावरच्या लाकडाच्या रेषा छापलेल्या निघाल्या. बुडाशी जिथे तो छापील कागद संपत होता, तिथून खालचं एमडीएफ, म्हणजे लाकडाचा लगदा दाबून केलेली फळी, डोकावत होतं. माझ्या बहिणीनं जाहिरातीतला फोटो मोबाइलवर ‘फोटोवरून शोधा’मध्ये टाकला. मिनिटभरात तोच दिवा, तोच पडदा आणि तेच तिरपं ऊन आणखी नऊ दुकानांत सापडलं. सगळीकडे दोन मैत्रिणी होत्याच, फक्त त्यांची नावं वेगळी.

तेव्हापासून माझा नियम आहे : कुठलीही वस्तू घेण्याआधी तिचा फोटो उलट शोधून बघायचा आणि वस्तू हातात आली की आधी पालथी करायची. समोरची बाजू विकण्यासाठी केलेली असते. वस्तू कुणी आणि कशी केली, हे तळाशी आणि मागच्या बाजूला कळतं. मधल्या काळात बरंच काही शिकले, काही चुका करून, काही कारागिरांना प्रश्न विचारून भंडावून. ते इथे लिहिते आहे.

शोधताना काय लिहायचं

‘घरासाठी सुंदर वस्तू’ किंवा ‘होम डेकोर’ असं लिहून शोधलंत तर ज्यांच्याकडे जाहिरातीला पैसे आहेत तेच वर येणार. त्याऐवजी कच्चा माल, कृती आणि वस्तू हे तिन्ही लिहा. ‘ॲश ग्लेझ स्टोनवेअर फुलदाणी’, ‘इंडिगो ब्लॉक प्रिंट अभ्रा’, ‘कातीव अक्रोड वाडगा’, ‘लिनोकट प्रिंट’. जो माणूस स्वतः वस्तू करतो तो कृतीचं नाव लिहितोच, त्याला राहवत नाही. नुसता माल फिरवणारा मात्र वातावरणाचं नाव लिहितो : बोहो, एस्थेटिक, कोझी. हा फरक एकदा डोळ्यांत बसला की निम्मी पानं न उघडताच बाजूला पडतात.

एक कारागीर सापडला की पुढचे त्याच्याकडूनच मिळतात. मी सगळ्यांना एक प्रश्न हमखास विचारते : ‘तुमच्या स्वतःच्या घरात कुणाकुणाचं काम आहे?’ उशांचे अभ्रे विणणाऱ्या एका बाईंनी मला या प्रश्नाचं उत्तर म्हणून तीन नावं दिली. त्यातल्या एका सुताराचं इंटरनेटवर काहीच नव्हतं, नुसता फोन नंबर. माझ्या घरातलं सगळ्यात आवडतं स्टूल त्याचं आहे.

हस्तकलेच्या प्रदर्शनांच्या सहभागींची यादी बहुतेक वेळा प्रदर्शन संपल्यावरही वेबसाइटवर तशीच राहते. ती यादी म्हणजे कुणीतरी आधीच निवडून दिलेली नावं. कला महाविद्यालयांची वार्षिक प्रदर्शनं चुकवू नका, तिथे अजून दुकान न थाटलेली माणसं भेटतात. संग्रहालयांची दुकानंही बघा. आणि एखाद्या कॅफेत कप आवडला तर तो उलटा करून तळाचा शिक्का बघा. रिकामा करून मग उलटा करा. हे मी अनुभवानं सांगते आहे.

पान वाचताना

खऱ्या माणसाच्या पानावर थोडा पसारा असतो. कामाच्या टेबलाचे फोटो असतात आणि त्यात चिखलाचे हात, भुसा, अर्धवट काम दिसतं. वस्तूची उंची, रुंदी आणि वजन दिलेलं असतं. ‘प्रत्येक नगात रंगाचा थोडा फरक पडेल’, ‘तयार व्हायला तीन आठवडे लागतील’, ‘संपलं’ असं लिहिलेलं असतं. एकाच वस्तूचे दोनशे नग आणि उद्या घरपोच, असं दिसलं की मी थबकते.

‘हॅन्डमेड’ या शब्दावर मात्र फार विसंबू नका. २००५ साली सुरू झालेली एट्सी ही हातच्या वस्तूंची ऑनलाइन बाजारपेठ म्हणून ओळखली गेली, पण २०१३ मध्ये तिथेही विक्रेत्यांना बाहेरच्या उत्पादकांकडून माल करून घ्यायची मुभा मिळाली. त्यात गैर काही नाही. स्वतंत्र डिझायनर आणि कारागीर ही दोन वेगळी माणसं असू शकतात. एखादी मुलगी घरी बसून सुंदर नक्षी काढते आणि छपाई एखाद्या छोट्या कारखान्यात करून घेते. ती तसं सरळ सांगत असेल तर मी आनंदानं घेते. मला राग येतो तो काल्पनिक मैत्रिणींचा.

आता पालथी करा

मातीच्या भांड्यापासून सुरुवात करू, कारण सगळ्यात जास्त गोष्टी तेच बोलतं. तळाशी एक कडं असतं आणि त्यावर सहसा ग्लेझ, म्हणजे काचेसारखा चकचकीत लेप, नसतो. भट्टीत ग्लेझ वितळतं. ते कड्याला असतं तर भांडं भट्टीतल्या फळीलाच चिकटलं असतं. या कड्यावरून बोट फिरवा. कारागिरानं ते घासून गुळगुळीत केलं असेल तर त्याला तुमच्या टेबलाची काळजी आहे. खरखरीत असेल तर टेबलावर ओरखडे पडणार. कधी कधी तळावर शिंपल्यासारख्या वळणाच्या रेषा दिसतात. फिरत्या चाकावरून दोऱ्यानं किंवा तारेनं भांडं कापून काढल्याची ती खूण. आत हात घातलात तर बोटांची वर चढत जाणारी वळणंही लागतात. बाजूनं सरळ उभी बारीक शिवण दिसली तर भांडं साच्यात ओतलेलं आहे. तेही चांगलं असू शकतं, फक्त चाकावरचं म्हणून कुणी गळ्यात मारू नये.

मग टिचकी मारा. मडकं वाजवून घेतात ते उगाच नाही. सलग भांडं खणखणतं, तडा गेलेलं बद्द वाजतं. फुलदाणी घेताना एवढं विचाराच, की ही अर्दनवेअर आहे की स्टोनवेअर? स्टोनवेअर साधारण १२०० ते १३०० अंश सेल्सिअसला भाजतात, त्यामुळे अंग घट्ट होतं आणि पाणी झिरपत नाही. अर्दनवेअर कमी तापमानाला भाजलेलं आणि सच्छिद्र असतं. ग्लेझवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा असतील तर थंड होताना ग्लेझ मातीपेक्षा जास्त आकसलं आहे, असं समजा. शोभेच्या भांड्यावर त्या छानच दिसतात, पण सच्छिद्र फुलदाणीत अशा रेषा असल्या तर टेबलावर ओलं वर्तुळ ठरलेलं. माझ्या पुस्तकांच्या कपाटावर एक आहे, कायमचं.

शिक्का नसला म्हणून नाक मुरडू नका. जपानी कुंभार शोजी हमादा यांनी १९२० साली ब्रिटिश कुंभार बर्नार्ड लीच यांच्याबरोबर इंग्लंडमधल्या सेंट आइव्हज इथे भट्टी उभी केली. पुढे जपानला परतल्यावर त्यांनी आपल्या भांड्यांवर शिक्का मारणंच सोडून दिलं.

कापडाला तर मागची बाजू असतेच. ठशांनी छापलेल्या कापडावर रंग बऱ्याचदा मागे उतरलेला दिसतो. डिजिटल छपाईत पाठ सहसा फिकी किंवा पांढरीच राहते. पण खरी गंमत पुढे आहे. हल्ली ठशांच्या छपाईतल्या चुकाही छापून मिळतात : रंग थोडा पुसट, एक पाकळी जरा सरकलेली. मी असा एक अभ्रा खिडकीशी नेऊन बघितला. एका फुलाच्या डाव्या पाकळीवर रंग कमी होता. एक वीत पुढे गेले, तर पुन्हा त्याच फुलाच्या त्याच पाकळीवर रंग कमी, तेवढाच कमी. आणखी एक वीत, परत तेच. ठशातच खोट असेल तर तीही दरवेळी उमटते हे खरं. पण हाताचा दाब आणि ठशाला लागलेला रंग दोनदा सारखा नसतो. हातच्या छपाईत जिथे एक ठसा संपून दुसरा लागतो तो सांधाही शोधा. कुठे किंचित फट, कुठे दोन रंग एकमेकांवर चढलेले. माझ्या उशीवर असा एक चढलेला सांधा आहे आणि मला तो नक्षीपेक्षा जास्त आवडतो.

इकतचं उलटं असतं. तिथे सूत आधी रंगवून मग विणतात, म्हणून नक्षीच्या कडा धूसर आणि पिसासारख्या असतात, आणि दोन्ही बाजूंनी नक्षी जवळजवळ सारखीच दिसते.

लाकडी टेबल घेत असाल तर चक्क खाली वाका. दुकानात लोक बघतात, बघू देत. भरीव लाकूड हवेतल्या दमटपणाबरोबर रेषांच्या आडव्या दिशेनं फुगतं आणि आकसतं. हे माहीत असलेला सुतार वरची फळी चौकटीला घट्ट ठोकत नाही. तो स्क्रूसाठी गोल भोकाऐवजी लांबट खाच ठेवतो, म्हणजे फळीला हलायला जागा राहते. ती खाच दिसली की मी बाकी फार विचारत नाही. फळीच्या वरच्या रेषा कडेवरून खाली उतरतात का, तेही बघा. भरीव लाकडात त्या उतरतात, वरून चिकटवलेल्या पातळ लाकडी थरात कडेपाशी तुटतात.

पितळेच्या वस्तूला लोहचुंबक लावून बघा. पितळेला तो चिकटत नाही. चिकटला तर आत लोखंड आहे. चिकटला नाही म्हणजे पितळच असं मात्र नाही, मुलामा दिलेलं ॲल्युमिनियमही चिकटत नाही. मग वजन बघायचं, पितळ हाताला चांगलंच जड लागतं.

मागणी देताना

मोजमाप आधी घ्या. आकडे लिहून ठेवूनही माझा अंदाज चुकतो, म्हणून मी जुन्या वर्तमानपत्राचा त्या मापाचा तुकडा कापून भिंतीवर चिकटवते आणि चार दिवस तसाच ठेवते. गालिच्यासाठी तोच कागद जमिनीवर. एक आरसा मी असाच वाचवला. कागद दुसऱ्याच दिवशी भिंतीला खायला उठला.

करून घेणार असाल तर रंगाचं नाव सांगू नका, नमुना मागा. ‘मातकट’ म्हणजे माझ्या मनात एक असतं आणि रंगाऱ्याच्या मनात दुसरं. कापडाचा छोटा तुकडा किंवा ग्लेझची चाचणी-पट्टी बहुतेक जण दाखवतात. तारीख, माप, आगाऊ रक्कम आणि फुटलं तर काय, हे सगळं एका निरोपात लिहून घ्या. एका कारागिराशी माझं फक्त फोनवर बोलणं झालं होतं. फळी आली ती कपाटाच्या खणापेक्षा दोन बोटं लांब. तो म्हणाला मी तसंच सांगितलं होतं. बहुधा खरंच सांगितलं असेल.

आणि एक विनंती. एका डिझायनरच्या वस्तूचा फोटो दुसऱ्याला दाखवून ‘असंच, पण स्वस्तात’ असं म्हणू नका. घासाघीसही मी करत नाही, त्यापेक्षा ‘सेकंड्स आहेत का?’ असं विचारते. ग्लेझचा एखादा थेंब ओघळलेला, विणीत एक धागा सुटलेला, असा माल बऱ्याच जणांकडे बाजूला पडलेला असतो आणि तो ते कमी किमतीत आनंदानं देतात. टिचकीत नापास झालेलं मात्र सेकंड्समध्येही घेऊ नका.

खोकं आल्यावर

उघडताना फोनवर चित्रीकरण करा, खोकं न फोडलेल्या अवस्थेपासून. काही फुटलं असेल तर वाद होत नाही. आतला कागद-पेंढा लगेच टाकू नका, छोटे भाग त्यातच हरवतात.

गेल्या वर्षी मी झाकणाची एक बरणी मागवली. झाकण बसेना. एका बाजूला चपखल, दुसऱ्या बाजूला नखाएवढी फट. मी तणतणत निरोप लिहायला घेतला, फोटो जोडले. पाठवण्याआधी, सवयीनं, झाकण उलटं केलं. आतल्या कडेला पेन्सिलीच्या टोकाएवढा एक निळा ठिपका होता. बरणीच्या गळ्याशीही तसाच एक. कुंभार बरणी आणि झाकण एकत्रच भाजतात, म्हणजे भट्टीत दोन्ही वाकली तर जोडीनं वाकतात. त्यामुळे पुष्कळदा झाकण एकाच बाजूनं नीट बसतं. मी ठिपक्याला ठिपका लावला. लिहिलेला निरोप खोडला आणि त्या बाईंना विचारलं, मोठी बरणी कधी करणार आहात?