ऑनलाइन लिलावातील बनावट बोली कशी ओळखावी आणि तिच्यापासून कसे वाचावे

विक्रेता स्वतःच्याच दुसऱ्या खात्यावरून किंवा साथीदाराकरवी आपल्या वस्तूवर बोली लावून भाव चढवतो, तेव्हा ती बनावट बोली ठरते. २००० साली ईबे या ऑनलाइन लिलाव संकेतस्थळावर एका चित्राची बोली २५ सेंटपासून १,३५,८०५ डॉलरपर्यंत गेली, कारण ते रिचर्ड डीबेनकॉर्न या अमेरिकी चित्रकाराचे असावे असा समज पसरला होता. विक्रेत्यानेच बोली लावल्याचे उघड झाल्यावर ईबेने तो व्यवहार रद्द केला आणि पुढच्या वर्षी तिघांवर खटला भरला गेला.

ही फसवणूक स्वयंचलित बोलीच्या आधाराने चालते, म्हणजे तुम्ही नोंदवलेल्या मर्यादेपर्यंत यंत्रणाच तुमच्या वतीने गरजेपुरती बोली वाढवत जाते. समजा, तुम्ही ५०० ही कमाल मर्यादा नोंदवली आणि दुसऱ्या खऱ्या ग्राहकाची बोली ३०० वर थांबली, तर यंत्रणा तुमची बोली ३०० च्या फक्त एक पायरी वर ठेवते. मग एक बनावट खाते ३२०, ३४०, ३६० असे चाचपडत वर येते, ५१० वर पोहोचताच तुमची मर्यादा ओळखते, आकडा चुकल्याचे सांगून ती बोली मागे घेते आणि ४९५ ची नवी बोली लावते. वस्तू तुम्हालाच मिळते, पण जवळजवळ दोनशे जास्त मोजून.

म्हणून रक्कम भरण्यापूर्वी बोलींचा इतिहास उघडून पाहावा. बोली लावणाऱ्यांची नावे झाकलेली असली, तरी ईबेसारख्या ठिकाणी त्या खात्याच्या गेल्या ३० दिवसांतील बोलींपैकी किती टक्के याच विक्रेत्याच्या वस्तूंवर होत्या आणि किती बोली मागे घेतल्या गेल्या, हे दिसते. एकाच विक्रेत्याकडे वारंवार बोली लावूनही एकदाही न जिंकणारे खाते संशयास्पद समजावे. केवळ खाते नवीन आहे म्हणून मात्र कोणावर आरोप करू नये. प्रत्येक प्रामाणिक ग्राहकही कधीतरी नवखा असतोच.

माझ्या मते सर्वांत भक्कम बचाव म्हणजे तशीच वस्तू आधी प्रत्यक्ष किती रुपयांना किंवा डॉलरला विकली गेली ते पाहून आपली मर्यादा कागदावर लिहून ठेवणे आणि अगदी शेवटच्या काही सेकंदांत एकदाच बोली लावणे, म्हणजे चाचपडायला कोणाला वेळच उरत नाही.

संशय पक्का वाटल्यास वस्तूचा क्रमांक आणि बोलींच्या इतिहासाचे स्क्रीनशॉट जपून ठेवावेत आणि विक्रेत्याशी वाद न घालता थेट संकेतस्थळाकडे तक्रार करावी.

कधीकधी बनावट खातेच चुकून जिंकते आणि मग ‘पहिल्या ग्राहकाने माघार घेतली’ असे सांगून तीच वस्तू तुमच्या कमाल बोलीला देऊ केली जाते. असा प्रस्ताव प्रामाणिकही असू शकतो, परंतु तो स्वीकारण्यापूर्वी त्या खात्याच्या सर्व बोली वगळून भाव कुठे थांबला असता याचा हिशेब करावा, आणि तुमची कमाल बोली त्या आकड्याच्या बरीच वर असेल तर नकार द्यावा.